झाडावरचं खोकड

मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा, तसं मॅडम नवीन पुस्तक उचलत. दोन बोटांत कोपरा धरायचा, हात अंगापासून लांब ठेवायचा आणि तोंड दुसरीकडे वळवायचं. मग ते टेबलावर टाकायचं आणि पदराला बोटं पुसायची. "शिसारी येते मले," एवढं म्हणून झालं की मगच त्या ते उघडत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना पुस्तकांचा तिटकारा असावा. पण पुस्तकावर इतका जीव असलेलं दुसरं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. ज्याचा जीव असतो त्यालाच शिसारी येते. बाकीचे आपले पोच देतात आणि गठ्ठा कपाटात कोंबतात. मी त्या बाकीच्यांतला.

महागाव तालुक्यातली आमची शाळा दोन शिक्षकांची. त्या मुख्याध्यापिका आणि मी त्यांच्या हाताखाली. त्या रोज पुसदहून एसटीनं येत. त्यांचे वडील विहारात संध्याकाळी मुलांना वाचायला शिकवायचे, आणि पुस्तकात चूक सापडली की मुलांसमोरच खोडून दुरुस्त करायचे, असं त्या सांगत. हा गुण लेकीत दुपटीनं उतरला होता. छापलेल्या अक्षराला भिणं त्यांना माहीतच नव्हतं. बोलायच्या त्या चांगलं पुस्तकी, पण वैतागल्या की सरळ वऱ्हाडीवर यायच्या. आणि दिवसातला बराच वेळ त्या वैतागलेल्याच असायच्या.

गावाच्या एका अंगाला सगळी कपाशी. दुसऱ्या अंगाला ई-क्लासची जमीन, म्हणजे सरकारी गायरान. गवत, पळस, मुरमाची टेकाडं, आणि त्यापलीकडे नाला. ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नाही, बोंडात अळी, आणि अळीसाठी आठवड्या-आठवड्याला फवारणी. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात. सकाळी पोरं आली की वर्गभर त्या औषधाचा वास सुटायचा. मॅडम बादली आणि साबण घेऊन दारातच उभ्या असत. "कोपरापर्यंत धू, बापा. खिचडीसंगं औषध खाशीन." ही हजेरीच्या आधीची हजेरी होती आणि तिच्यातून कोणी सुटत नसे.

अशा एका वर्षी वरून चित्रांच्या पुस्तकांची पेटी आली. मुलांना प्राणी, त्यांची घरं आणि पर्यावरण शिकवायचं होतं. पुस्तकाचं नाव विसरलो, पण त्यात 'मित्र' हा शब्द होता. पहिल्याच पानावर पेंग्विन. पुढं नारळाच्या झाडाखाली वाघ आणि सिंह शेजारी शेजारी बसलेले. त्याच्या पुढच्या पानावर लांब लांब पापण्यांचं रानडुक्कर, आणि ते हसत होतं.

पोरांनी ते डुक्कर बराच वेळ न्याहाळलं. मग एकानं विचारलं, "मॅडम, आमचा हरभरा खाल्ला म्हून हासून राह्यलं काय हे?"

तुम्ही म्हणाल, मुलांचं पुस्तक आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? मीही तेच म्हणालो. मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खडू शोधायला लागलो. "ज्यानं हे काढलं त्यानं रान तं सोडा, कुंपण बी पाह्यलं नसन," त्या म्हणाल्या. "यांच्या घरात रात्रभर जागली करून आईबाप सकाळी डोळे चोळत येतात, अन् आपण शिकवायचं का डुक्कर तुमचा मित्र हाये. पोट्टे आपल्याले येडे समजतीन. बरोबरच समजतीन."

त्यांनी पेटी परत पाठवली. वरून निरोप आला, "मॅडम, धर्माच्या गाईचे दात काय मोजता?" मॅडमनी उलट निरोप धाडला, "गाय असती तं नसते मोजले. हे कागदाचं गाढव हाये." हा निरोप मी पोचवायचा होता. मी तो बराच सौम्य करून पोचवला.

मग त्यांनी ठरवलं की पुस्तक आपणच करायचं. कागदाचा प्रश्न बियाण्यांच्या कंपन्यांनी सोडवला. त्यांची पोस्टरं गावात खांबाखांबावर होती आणि कृषी केंद्रात त्यांचे गठ्ठे पडून होते. एका बाजूला नारळाएवढं बोंड हातात धरून हसणारा शेतकरी, दुसरी बाजू कोरी करकरीत. त्या कोऱ्या बाजूवर आमच्या पोरांचं मुंगूस, घोरपड, टिटवी आणि पिंगळा उतरू लागले. पानं दाभणानं आणि सुतळीनं शिवली. "कंपनीचं खोटं मागं, आपलं खरं पुढं," असं म्हणताना मॅडम जवळजवळ हसल्या होत्या.

त्यांचा नियम एकच. पाहिलं नाही ते काढायचं नाही. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या पोरांना घेऊन ई-क्लासवर जात. पुढं रेणुका. ही तांड्यावरची पोरगी, हिचा बाप तिथं बकऱ्या चारायचा. तिनं खोकडाचं बीळ शोधून काढलं होतं. खोकड म्हणजे कोल्ह्याचा लहान भाऊ समजा, मांजरापेक्षा थोडं मोठं, शेपटीला काळं टोक. शेतातले उंदीर खाऊन जगणारं गरीब जनावर. रेणुकानं त्याचं चित्र इतकं झकास काढलं की मी 'शाब्बास' म्हणून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "बिळाले दोन तोंडं असतात. दुसरं कुठं हाये?" रेणुकानं पाहिलं नव्हतं. "तं जाय अन् पाहून ये." पोरगी पुढच्या आठवड्यात दुसरं तोंड शोधून आली आणि तेही चित्रात आलं.

आता आपल्या खेड्यांत ठिकाण कसं सांगतात ते तुम्हाला माहीत आहे. नकाशाबिकाशा कोणी काढत नाही. कोणाच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर, कोणाच्या विहिरीमागं, कोणत्या झाडाखाली, असा पत्ता असतो आणि तो कधी चुकत नाही. पोरांनी प्राण्यांची घरं तशीच लिहिली. 'लांडोर भाऊरावकाकाच्या धुऱ्यावर बोरीखाली अंडी ठेवते.' 'डुकरं दुपारी नाल्यातल्या बेशरमाच्या झाडीत झोपतात, येण्याची वाट गजाननभाऊच्या हरभऱ्यातून.' 'खोकड जुळ्या पळसामागच्या टेकाडात राहते. एक तोंड पळसाकडे, एक नाल्याकडे.' प्रत्येक पत्ता मॅडमनी स्वतः जाऊन तपासला होता.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर पुस्तक ओसरीवर मांडलं. एरवी बुंदीचा पुडा हातात पडला की गावकरी पाठ फिरवतात. त्या दिवशी कोणी हलेना. बाप्ये माणसं पुस्तकाभोवती दाटीनं उभी, बोटाला थुंकी लावून पानं उलटतायत, पोरांना विचारतायत, "हे कोणतं पळस रे? थे चिरलेलं का?" पोरं अभिमानानं सांगत होती. जे पोरांना सांगता येईना ते मॅडम सांगत होत्या. पदर खोचून, हातवारे करून, "असं नाल्यानं खाली उतरलं का डाव्या अंगाले." त्यांच्या तोंडावरचा नेहमीचा आंबटपणा पार गेला होता. परतताना एसटीच्या वाटेवर मला म्हणाल्या, "पाह्यलं सर? खरं दाखवलं का लोकाले आवडते." मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गजाननभाऊ शाळेत आले. काखेत हरभऱ्याच्या टहाळाची जुडी. गजाननभाऊ वाईट माणूस नव्हे. बायको आणि ते आळीपाळीनं मचाणावर जागत, तरी अर्धा हरभरा डुकरांनी उकरला होता. त्यांनी जुडी टेबलावर ठेवली आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमचं पुस्तक लय कामाचं निघालं. बेशरमाच्या झाडीत कणकेचे गोळे ठेवले औषध घालून. पुरा कळप झोपला."

गजाननभाऊ गेल्यावर मॅडमनी ती जुडी दोन बोटांत धरून उचलली, आणि कुठं टाकावी ते न कळून तशाच उभ्या राहिल्या. "यायच्यावर रागावू तं कसं रागावू?" त्या म्हणाल्या. "अन् नाही रागावू तं मी कायची मास्तरीण?" मी म्हणालो, डुकरंच ती. पिकाचं नुकसान करतात. "हो न," त्या म्हणाल्या, "डुकरंच." दुपारी नाल्याकडून वारा सुटला आणि वास शाळेपर्यंत आला. डुकरांसोबत कावळे मेले होते, दोन मुंगसं मेली होती, गावातलं एक कुत्रं मेलं होतं. पोरांनी नाकाला रुमाल लावून पाढे म्हटले. त्या वासाची आठवण झाली की आजही माझा घास तोंडातच राहतो.

भाऊरावांच्या बोरीखालची जागा पुस्तकात आल्यापासून लोकांच्या डोळ्यांत भरली होती, ते बोरीचं झुडूपही कोणी तोडून नेलं, लांडोरीची जागा गेली. पण ज्यानं मॅडम मोडल्या ते वेगळंच.

होळीच्या सुमारास रेणुका उशिरा वर्गात आली. बसली नाही. उभ्यानंच सांगितलं. गावातल्या चार टवाळ पोरांनी टेकाडाला धूर दिला होता. पळसाकडच्या तोंडाला जाळ, नाल्याकडच्या तोंडाला पोतं. बाहेर आलेलं खोकड पोत्यात घालून आपटलं. कशासाठी? तर फुलसावंगीच्या बाजारात कोणी भोंदू बसतो, तो त्याच्या नखाकातड्याचे ताईत करून विकतो. पिल्लं आतच गुदमरली. रेणुकानं काडीनं ओढून पाहिली होती. तिच्या बोटांना अजून काजळी होती.

हे सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, मी दुसरं तोंड नसतं काढलं तं?"

मॅडम उठून शाळेच्या मागं गेल्या. ओकारीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. उठता-बसता शिसारीचं नाव घेणाऱ्या बाईला खरी शिसारी आलेली मी त्या दिवशी पाहिली. मला त्या चार पोरांची किळस वाटत होती, ताईतवाल्याची वाटत होती. मॅडमना दुसऱ्याच कोणाची वाटत होती. त्या तोंड धुऊन आल्या, रेणुकाचे हात बादलीत धरून कोपरापर्यंत धुतले आणि म्हणाल्या, "तुह्यं चित्र बरोबर होतं. चूक माही." मग पुस्तक काढून त्यांनी कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

गोष्ट इथंच मिटली असती, पण सव्वीस जानेवारीचा फोटो तोवर पेपरात आला होता. तालुक्याहून साहेब जीप घेऊन हजर. असा उपक्रम जिल्ह्यात दुसरा नाही म्हणाले. पुस्तक छापायचं, प्रत्येक शाळेत, प्रत्येक गावात वाटायचं, आणि पानापानावर मुलांची नावं. पोरांसमोरच बोलले. पोरांचे चेहरे असे फुलले की विचारू नका. ज्यांच्या घरात कोणाचंच नाव कधी छापून आलं नव्हतं, त्यांची नावं छापून येणार होती. मॅडमच्याही आयुष्याची ती एकच हौस होती, खरं पुस्तक, आपल्या मुलांचं. आणि ते आता नको होतं. डुकरं गेली, एक खोकड गेलं. पण घोरपडी होत्या, पिंगळे होते, टिटव्या होत्या, आणि टेकाडाच्या पलीकडे खोकडाची दुसरी जोडी होती, तीही पुस्तकात होती. आता तिचा पत्ता अख्ख्या जिल्ह्यात जाणार होता.

मी म्हणालो, सरळ नाही म्हणा. तेवढ्यात रेणुका दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, माह्यं नाव पुरं छापून येईन का? बापाचं बी?" मॅडम म्हणाल्या, "येईन." झालं, 'नाही' म्हणायची वाट बंद झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात पोस्टरांचा नवा गठ्ठा मांडला. "आज आपल्याले खोटं काढायचं हाये," त्या म्हणाल्या. एक पोरगं म्हणालं, "पण पाह्यलं नाही थे काढायचं नाही न, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "कोण कुठं राह्यते हे तुमाले माहीत हाये. मले माहीत हाये. बस. बाकी कोणाले कायले पाह्यजे?" पोरांना समजायला जरा वेळ लागला. मग जे सुरू झालं ते विचारू नका. ससा विहिरीत गेला. घोरपड चिमणीसारखी तारेवर बसली. टिटवीनं मातीचं दुमजली घर बांधलं. रेणुकानं खोकड पळसाच्या शेंड्यावर बसवलं, फुलांत. पोरं खिदळत होती, एकाहून एक थापा रंगवत होती. मॅडम प्रत्येक चित्राखाली सही करत होत्या आणि हसत नव्हत्या. "रंग चांगला भर," एवढंच म्हणत होत्या. खोटं काम असलं तरी गचाळ चालणार नव्हतं.

छापण्याआधी कोणी वाचलं नाही, हे ओघानं आलंच. साहेबांनी प्रस्तावना मात्र लिहिली, 'निसर्गाचे बारकाईने निरीक्षण' वगैरे. पुस्तक गुळगुळीत कागदावर आलं. रेणुकाचं नाव बापासकट आलं. मग पुसदला शिक्षकांची बैठक भरली, तेव्हा कोणीतरी ते पान उघडून उंच धरलं. "खोकड झाडावर? ससा विहिरीत? मॅडम, दुसऱ्यांच्या पेट्या परत पाठवता तुम्ही." सगळं सभागृह हसलं. साहेब लालबुंद झाले.

मॅडम उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता सांगतील. निदान एक टोला तरी हाणतील. त्या पुस्तकी मराठीत, हळू आवाजात म्हणाल्या, "चूक झाली, साहेब. आमच्या मुलांनी हे प्राणी कधी पाहिलेलेच नाहीत." आणि खाली बसल्या.

बाहेर आल्यावर त्या चहाच्या टपरीजवळ थांबल्या, चूळ भरून थुंकल्या आणि पुन्हा चूळ भरली. "माह्या पोट्ट्यायले मी भर सभेत अडाणी म्हणून आली, सर," त्या म्हणाल्या. "यापेक्षा शिसारी कशाची येईन माणसाले?" मी म्हणालो, जनावरं तर वाचली. त्या घराकडे चालू लागल्या. त्या दिवसापासून त्यांनी कोणत्याच पुस्तकाला नाव ठेवलं नाही. पेट्या येत, त्या पोच देत, गठ्ठा कपाटात ठेवत. मला ते बघवत नसे.

पुढं माझी बदली झाली, त्या निवृत्त झाल्या. काही वर्षांनी पुसदला काम निघालं म्हणून त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ. मॅडम ओसरीवर बसल्या होत्या, केस पांढरे, अंग वाळलेलं. चहा झाला, शाळेच्या गोष्टी झाल्या. रेणुका सासरी गेली, गजाननभाऊंनी कपाशी सोडून सोयाबीन धरलं. मग मी सहज विचारलं, "आणि ई-क्लासवर? ती खोकडाची दुसरी जोडी आहे का अजून?"

"तिकडं काही नाही राह्यलं, सर," त्या म्हणाल्या. "सगळं संपलं. मी तं कधीची गेलीच नाही तिकडं."

मला वाईट वाटलं. एवढ्या सगळ्यातून वाचवलेलं, तेही गेलं. सांत्वनाचं काहीतरी बोलावं म्हणून मी खाली पाहिलं, तर त्यांच्या लुगड्याच्या काठाला घोट्यापासून वीतभर वर कुसळं चिकटलेली होती. गवताची, हिरवट, ताजी. पुसदच्या डांबरी रस्त्यावर कुसळं लागत नाहीत. ती लागायला सकाळची एसटी धरून कोणाला तरी गुडघाभर गवतातून चालावं लागतं.

एका बाकावर बसून इतकी वर्षं डबा खाल्लेल्या माणसाशी त्या धडधडीत खोटं बोलल्या होत्या. मला राग आला, आणि तो यायला हवाच होता. मी कोणाला सांगणार होतो? पण गजाननभाऊही वाईट नव्हते, आणि पोरांनी तरी पुस्तक कोणाला मारायला केलं होतं? मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "हो, संपलंच असेल."

मॅडमनी माझी नजर काठाकडे गेलेली पाहिली होती. त्यांनी पाय जवळ ओढून घेतले, लुगडं सावरलं आणि विचारलं, "अजून चहा घेता काय?" मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या नाहीत. रस्त्यावरून मागं वळून पाहिलं तर त्या ओसरीवर वाकून बसल्या होत्या आणि एकेक कुसळ काढून मुठीत ठेवत होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मी त्यानंतर त्या गावाला गेलो नाही, आणि तिकडं काय आहे म्हणून कोणी विचारलं तर काही नाही म्हणतो.